एका बाटलीत पावणं किती?

आमच्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी चार हात लांब पाटी होती आणि आत वाईनची बाटली होती एक. तीही विकायला नव्हे. दुकानाच्या उद्घाटनाला कुणीतरी भेट दिलेली ती बाटली लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी उभी होती. उदबत्ती तसबिरीला, धूर बाटलीला. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडं वाईन शॉप म्हणजे वाईन सोडून बाकी सगळं मिळण्याचं ठिकाण. पाटी वाचून खरोखरच वाईन मागायला आलेला माणूस आम्हाला वेडा तरी वाटायचा, नाहीतर एक्साइजचा साहेब तरी.

कोल्हापुरात स्टँडाजवळच्या या दुकानाच्या काउंटरमागं माझी सगळी नोकरी गेली. गिऱ्हाईक मला मामा म्हणायचं. माझं लग्न ठरताना वडिलांनी बैठकीत ‘पोरगा औषधाच्या लायनीत हाय’ असं ठोकून दिलं होतं. खरा प्रकार कळल्यावर बायको म्हणाली, “तसं खोटं न्हाय म्हणा. बाटल्या त्याच. फकस्त चमचा दिसत न्हाय.” त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. म्हणजे दिवसातून एकदाच काढला.

धंद्याची बाराखडी सोपी. सगळ्यात लहान ती निप, तिच्या दुप्पट क्वार्टर, आणि साडेसातशे मिलीचा तो खंबा. पेग साठ मिलीचा. म्हणून क्वार्टरमध्ये तीन पेग बसतात, खंब्यात बारा आणि वर अर्धा. या वरच्या अर्ध्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले मी बघितलेत. मला साठचा पाढा झोपेत येतो. पोराचा गृहपाठ घेताना ‘साठ त्रिक’च्या पुढं मी ‘एक क्वार्टर’ म्हणालो होतो आणि पोरानं ते शाळेत तसंच म्हणून दाखवलं होतं.

माणूस बाटली कशी वाटून घेतो यावरून त्याचं घर कळतं, असं माझं मत झालंय. इचलकरंजीचे तिघे यंत्रमागवाले दर आठवड्याच्या सुट्टीला यायचे. तिघांत एक क्वार्टर. दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर तीन ग्लास मांडून त्यातला एकजण उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि ओतायचा. दिवसभर धागा बघून तयार झालेला डोळा तो. तिन्ही ग्लासांत एका केसाचा फरक असेल तर शपथ. आणि याच कट्ट्यासमोर गाडीतून उतरणारे मोठे लोक एकमेकांच्या ग्लासात ‘घे रं, घे की’ करत निम्मी सीटवर सांडायचे.

आमच्या गल्लीतल्या गुरुजींना डॉक्टरांनी हृदयासाठी थोडी लाल वाईन घ्यायला सांगितली. सांगितली की गुरुजींनी सांगायला लावली, ते त्या दोघांना ठाऊक. हेल्मेट न काढता दुकानात येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, “सगळ्यात छोटी द्या.” मी मुद्दाम मागवून घेतली. वाईनची छोटी बाटली क्वार्टरपेक्षा घोटभर मोठी असते आणि त्यात एक ग्लास बसतो. एकच. पंधरा-वीस दिवसांनी गुरुजी हेल्मेटसकट परत. “अहो, औषध आंबलं.” चौकशी केली तेव्हा कळलं, गुरुजींच्या मंडळी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून रोज रात्री एक टोपण द्यायच्या. एका ग्लासाची बाटली त्यांनी अठरा माणसांच्या पंगतीला पुरेल अशी चालवली होती. उघडलेली वाईन दोन-चार दिवसांत आंबते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कारण ते मलाच ठाऊक नव्हतं.

आता मूळ गोष्ट सांगतो.

मुरगूडकडचे दत्तूअण्णा एका दुपारी दुकानात आले. गोठ्यात बारा म्हशी, गावात शब्दाला वजन, आणि तोंडाला चहापलीकडं काही लागलेलं नाही. दुकानात शिरताना त्यांनी चप्पल बाहेर काढली. दारूच्या दुकानात चप्पल काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मग लक्षात आलं, त्यांना लक्ष्मीची तसबीर दिसली होती.

“मामा, वाईन पायजे.”

मी एक्साइजचा साहेब मागं कुठं उभा आहे का ते बघितलं.

हकिकत अशी की त्यांची मुलगी अश्विनी पुण्यात नोकरीला. तिथंच तिनं मुलगा पसंत केलेला. मुलाचे वडील भाऊसाहेब, निफाडकडचे मोठे द्राक्षबागायतदार. त्यांची द्राक्षं वाईनच्या कारखान्याला जातात. साखरपुडा सकाळी गावात, आणि संध्याकाळी कोल्हापुरात लॉनवर मटणाचं जेवण. मुलाच्या मित्रांनी सुचवलं होतं की जेवणाआधी सगळ्यांनी एकेक ग्लास वाईन घेऊ, भाऊसाहेबांच्या द्राक्षांचा मान म्हणून.

“माझी भावकी टपून बसलीया,” अण्णा म्हणाले. “पोरीनं सोता ठरवलंय म्हणून आदीच कुजबुज हाय. म्हसरंवाल्याला असलं न्हाय झेपायचं, असं माज्या सख्ख्या चुलतभावानं चावडीवर म्हटलंय. मामा, मला यातलं काय बी कळत न्हाय. एकच सांगतो, व्याह्याच्या म्होरं कमी पडाय नगं.”

“माणसं किती?”

“घेणारी साठ.”

मी हिशेब केला. साठ माणसं, खंब्यात बारा. “पाच बाटल्या. डोळे झाकून.”

अण्णांनी हात जोडले. लक्ष्मीला जोडले की मला, ते कळलं नाही, म्हणून मी मान हलवून ठेवली.

दोन दिवसांनी अश्विनी आली. पोरगी शांत आणि सरळ. “मामा, पाच बाटल्या कशा धरल्या?” मी ऐटीत साठचा पाढा म्हणून दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. “हे व्हिस्कीचं माप झालं. वाईनचा ग्लास दीडशे मिलीचा. एका बाटलीत पाच. साठ जणांना बारा बाटल्या लागतील.”

“ते म्हाईत हाय की,” मी म्हणालो. “मी तुझी परीक्षा बगत हुतो.”

ती हसली. माझं हसू गेलं. मग गेलेली अब्रू भरून काढायला मी घसरलो. म्हणालो, “बारा फुटकळ बाटल्या मांडून काय शोभा? मोठ्या बाटल्या मागवू. मॅग्नम. एका बाटलीत दोन बाटल्या. सहा आणल्या की काम झालं.” मॅग्नम हा शब्द मी आदल्याच आठवड्यात कंपनीच्या एजंटाकडून ऐकला होता. त्यानं तर सांगितलं होतं की परदेशात याच्याही वरच्या बाटल्या असतात, चार बाटल्यांची एक, आठांची एक, आणि त्यांना तिकडच्या पुराणातल्या राजांची नावं असतात. मी त्याला म्हणालो, “पावणं, हे हितं बोललासा ते बोललासा. बाहेर बोलू नगासा.” कोल्हापुरात कुठल्या राजाचं नाव बाटलीला दिलं तर दुसऱ्या दिवशी बाटलीही राहणार नाही आणि दुकानही.

सहा मॅग्नम आल्या. परवाना दुकानाच्या मालकांनी काढून दिला. बाटल्या बघून दत्तूअण्णा हरखले. एक उचलून त्यांनी बाळासारखी कडेवर घेतली. “दोन लिटरची किटली बी एवडी दिसत न्हाय,” म्हणाले. एजंटानं मला दुकानात पाणी घेऊन ओतण्याचं शिक्षण दिलं. ग्लास मोठा, पोट सुटलेला, पण भरायचा एक तृतीयांश. वरची जागा मोकळी ठेवायची.

“का?”

“वास घ्यायला.”

आमचं गिऱ्हाईक वास जावा म्हणून बडीशेप, वेलदोडा खाणारं, एकानं तर कच्चा कांदा खाल्लेला. आणि हा वासासाठी जागा राखून ठेवायला सांगत होता. पण मी शिकलो. बोटानं ग्लासावर खूण करून शिकलो. अण्णांनी गळ घातल्यामुळं त्या संध्याकाळी ओतपाचा सरदार मीच होतो.

लॉनवर सगळं झकास होतं. वाढायला आचाऱ्याची माणसं होती. तांबडा-पांढरा रस्सा वाढण्यात ज्यांची हयात गेली अशी. त्यांचा म्होरक्या रावसाहेब हा माझ्याच वयाचा. पहिलं बूच काढतानाच माझी धांदल उडाली, कारण उभ्या आयुष्यात मी फिरकीचीच टोपणं उघडलेली. बूच निम्मं बाहेर आलं आणि निम्मं आत गेलं. रावसाहेबानं गाळणी आणली. चहाची. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

मी पहिला ग्लास खुणेपर्यंत भरला. रावसाहेबानं तो उचलला, उजेडात धरला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पंगतीत कुणाला चिमूटभर भात वाढला.

“मामा, एवडंच?”

“एवडंच असतंय.”

“पावण्याला?”

“शास्त्र हाय ते.”

“कसलं शास्त्र? त्यो पावणा निफाडास्नं आलाय. ह्यो ग्लास म्होरं ठेवला तर म्हनंल, कुणी तरी पिऊन ठेवलाय.”

आता हे लिहिताना मला माझं उत्तर ठाऊक आहे. रावसाहेब, एका बाटलीत दहा, सहांत साठ, गप वाढ. पण मी बघितलं, खरंच तो ग्लास रिकामा दिसत होता. लहानपणापासून मी गवळ्यांच्या दूधकट्ट्यावर म्हशीशेजारी उभा राहून दूध प्यालेला माणूस. तिथं गवळी ग्लास देतो तो फेस बोटांवर उतरेपर्यंत भरून देतो. फेस खाली बसला तर वर आणखी एक धार मारतो. रश्श्याची वाटी अशी की उचलताना अंगठा भाजायलाच हवा. आणि समोर अण्णांची भावकी खुर्च्या ओढून बसलेली, नेमकी कमी काय पडतंय ते बघायला. माझ्या छातीत काहीतरी फुगलं.

“भर की!” मी म्हणालो. “कोल्हापूर हाय हे!”

रावसाहेबाच्या तोंडावर समाधान पसरलं. त्याची सहा माणसं सुटली. प्रत्येक ग्लास काठोकाठ. वाईन काठाच्या वर फुगून थरथरायची आणि लोक ग्लास उचलायच्या आधी वाकून तोंड लावायचे. मला त्यात अभिमान वाटत होता. पाढा मी विसरून गेलो होतो. एका मॅग्नममध्ये दहांच्या जागी पावणेचार माणसं बसत होती.

बाविसाव्या ग्लासाला सहावी बाटली संपली.

आता अण्णांनी एक रीत ठरवली होती. व्याह्याचा ग्लास नोकरानं भरायचा नाही. सगळ्यांना मिळालं की यजमानानं स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं भरायचा. म्हणून भाऊसाहेब मधल्या टेबलाशी रिकामा ग्लास समोर घेऊन बसले होते. शेजारी त्यांच्याकडची सदतीस-अडतीस माणसं, तीही रिकामी. कारण रावसाहेबानं वाढायला सुरुवात केली होती ती दाराकडून, आणि दाराशी बसली होती भावकी.

अण्णा आमच्याकडं वाढपाच्या पडद्यामागं आले. डोक्याला नवा फेटा, अंगाला घाम. “मामा, द्या बाटली. व्याह्याला वाढतो.”

मी रिकामी बाटली उलटी करून दाखवली. एक थेंब आला. तो बाटलीच्या तोंडाशीच थांबला.

अण्णा खाली मटणाच्या पातेल्याशेजारच्या बाजल्यावर बसले. पडद्याच्या फटीतून त्यांचा चुलतभाऊ दिसत होता. त्याच्यासमोर काठोकाठ भरलेला ग्लास होता आणि तो शेजाऱ्याला सांगत होता, “आंबट हाय रं. ह्येच्यापरीस सोलकढी बरी.”

ते ऐकलं आणि मी नीट बघितलं. भावकीनं ग्लास घेतले होते, एकेक घोट चाखला होता आणि ठेवून दिले होते. कुणी तर चाखलाही नव्हता. टेबलांवर वाईन होती की! लिटरच्या लिटर होती. फक्त चुकीच्या माणसांसमोर होती.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा प्रकाश माझ्या डोक्यात पडला की जवळच्यांनी लांब व्हावं. “रावसाहेब, न शिवलेलं ग्लास आत आण. गाळणी हाय न्हवं?”

चार ग्लास आले. मी गाळणी बाटलीच्या तोंडावर धरली आणि पहिला ग्लास तिरका केला. मनगटावर हात पडला. अण्णांचा. धार काढणाऱ्या माणसाची पकड होती ती.

“मामा. उष्टं?”

“शिवलेलं न्हाय, अण्णा. नुसतं म्होरं ठेवल्यालं.”

“दुसऱ्याच्या पानावरचं ते. माज्या व्याह्याला? माजी पोरगी त्या घरात नांदायची हाय.”

तेवढ्यात अश्विनी आत आली. हिरव्या साडीत. तिनं रिकाम्या सहा बाटल्या बघितल्या, काठोकाठ ग्लास बघितले, माझ्या हातातली चहाची गाळणी बघितली. तिला काही विचारावंच लागलं नाही.

“मामा, ग्लास दीडशे मिलीचा सांगितला होता मी.”

“परीक्षा बगत हुतो,” असं म्हणायची या वेळी माझी छाती झाली नाही.

अण्णांनी फेटा सारखा केला. रिकामी मॅग्नम उचलली आणि पडदा बाजूला सारून सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाकडं निघाले. मागनं अश्विनी. तिच्यामागं मी, गाळणीसकट. ती ठेवायचं सुचलं नाही. सगळ्या लॉनच्या माना वळल्या. चुलतभावानं तर खुर्ची वळवून घेतली.

“पावणं,” अण्णा म्हणाले. आवाज मोठा, आमच्याकडचा. “वाईन संपली. साठ माणसाची बावीस माणसात संपली. आमच्या मानसास्नी हात राखून वाडाय येत न्हाय. तुमच्या द्राक्षाचा मान करायचा हुता, त्यो ऱ्हायला. मी कमी पडलो.”

भाऊसाहेबांनी बाटलीकडं बघितलं. मग भावकीच्या टेबलांकडं, त्या थरथरणाऱ्या ग्लासांकडं. माणूस उंच, सावळा, बोलायला सावकाश.

“अण्णा,” ते म्हणाले, “माझा माल जातो तिथं कारखान्यात मला दरसाल जेवायला बोलावतात. ग्लासात एवढीशी ओततात.” त्यांनी दोन बोटं दाखवली. “मग तो गोल गोल फिरवायचा म्हणे. वर्षभर राबून पिकवलेलं, आणि माझ्याच पुढ्यात तळाशी थोडं. मला दरवेळी वाटायचं, यांना परवडत नाही का काय? आज पहिल्यांदा कुणी माझ्या द्राक्षाचं असं भरून वाढलेलं बघतोय.” मग आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, “आणि खरं सांगू का? मला पित्त होतं तिच्यानं. पोरांनी ठरवलं म्हणून गप्प बसलो होतो. तो पांढरा रस्सा कशाचा? मघापासनं वास येतोय.”

लॉनवर हशा उठला. अण्णा मात्र हसले नाहीत, रीत राहिली होती. त्यांनी रावसाहेबाकडून पांढऱ्या रश्श्याची किटली घेतली आणि वाटीकडं न बघता व्याह्याचा तो पोट सुटलेला ग्लास पुढं ओढला. रस्सा तोवर कोमट झाला होता म्हणून काच वाचली. अण्णांनी ओतायला सुरुवात केली आणि अगदी खुणेवर, एक तृतीयांशावर, थांबले. त्या संध्याकाळी एवढं एक माप बरोबर पडलं. अपमान झालेला माणूस किती लवकर शिकतो!

भाऊसाहेबांनी ग्लास उचलला नाही. आत वाकून बघितलं आणि वर मान करून म्हणाले,

“भरा की!”

निफाडच्या माणसाच्या तोंडी ते ‘की’ इतकं चोख बसलं की भावकीतल्या म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांनी भरला. काठाच्या वर फुगून थरथरेपर्यंत. भाऊसाहेब वाकले आणि टेबलावरच त्याला तोंड लावलं. मग त्यांच्याकडच्या सगळ्यांनी ग्लास पुढं केले, आणि रावसाहेबाची माणसं पुन्हा सुटली. अश्विनीनं माझ्या हातातली गाळणी काढून घेतली.

चुलतभाऊ काय करत होता म्हणाल तर आपला ग्लास संपवत होता. त्याला रस्सा हवा होता आणि ग्लास मोकळा नव्हता.

नोकरी सुटून आता काही वर्षं झाली. दुकानात अलीकडं वाईनचं वेगळं कपाट आलंय म्हणे. आत थंड, बाहेर काच. तरणी पोरं-पोरी येतात, चप्पल न काढता, हेल्मेट काढून. काउंटरवरचा नवा माणूस मला अधूनमधून फोन करतो. “मामा, कार्यक्रम हाय, बाटलीत किती धरू?” मी विचारतो, “वाडणारं कोण हाय?” त्याला वाटतं म्हातारा चळला.

त्या सहा मॅग्नम अण्णांनी घरी नेल्या. टाकून देणं त्यांच्या रक्तात नाही. गुऱ्हाळाच्या दिवसांत ते त्यात काकवी भरतात. एक निफाडला जाते, एक पुण्याला अश्विनीकडं, आणि एक माझ्याकडं येते. दरसाल बायको ती पिशवीतून काढते आणि उघडताना धरायला मला हाक मारते, कारण बाटलीला बूच कधीच नसतं. तोंडाला प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर सुतळी. अण्णांना एकदा विचारलं, “बूच का लावत न्हाय?”

“लावाय जागा कुटं ऱ्हाती?” ते म्हणाले.